महालक्ष्म्यांचं वजन

देवश्रीनं ज्येष्ठेचा पितळी मुखवटा धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळला, कनिष्ठेचा त्याच्या शेजारी कापडी पिशवीत ठेवला आणि पिशवी हातकाट्याच्या हुकाला अडकवून दोन्ही हातांनी उचलली.

"सात किलो," ती म्हणाली. "फक्त मुखवटे. बाळं वेगळी, दागिने वेगळे."

यशोधन लॅपटॉप मांडीवर घेऊन कूलरच्या वाऱ्यात बसला होता. त्यानं आकडा टाकला. खर्चाच्या तक्त्यातला खालचा रकाना लाल झाला, तसा तो गेले दोन महिने अधूनमधून होतच असे.

"कोठ्या?"

"पत्र्याच्या आहेत, जड नाहीत. पण मुखवटे त्यांच्यावरच उभे राहतात, अन् त्या बॅगेत मावत नाहीत."

"म्हणजे तिसरी पेटी. तिचे पैसे वेगळे. अन् हात?"

"हात लाकडी आहेत."

यशोधननं मान वर केली. "लाकूड असलं तर तिथल्या विमानतळावर आधी सांगावं लागते. तपासतात. धूळ, माती, कीड काही चालत नाही त्यांना."

देवश्रीनं ते चार हात पाहिले. आजेसासूबाईंच्या वेळेपासूनचं हळदकुंकू त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत जाऊन बसलं होतं. न्यूझीलंडच्या अधिकाऱ्याला ते काय म्हणून सांगायचं, हा प्रश्न तिला गमतीचाही वाटला आणि रडू येण्यासारखाही. तिनं हात परत पेटीत ठेवले.

अमरावतीचं भाड्याचं घर त्यांनी सोडून पंधरवडा झाला होता. फ्रिज, पलंग, स्कूटर, सगळं विकलं गेलं. शेवटचे काही दिवस अकोल्याला यशोधनच्या आई-बाबांजवळ काढायचे आणि मग निघायचं, असं ठरलं होतं. देवश्रीला हॅमिल्टन नावाच्या गावात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली होती, यशोधन तिथं जाऊन काम शोधणार होता. तीन महिन्यांचं भाडं, डिपॉझिट, जुनी गाडी, गरम कपडे, सगळ्याला तक्त्यात जागा सापडली. दोन वर्षांनी आई-बाबांना तिकडे बोलवायचं म्हणून तिकिटांचीही एक ओळ होती. महालक्ष्म्यांची पेटी मधे आली आणि ती ओळ यशोधननं मुकाट्यानं पुसली. देवश्रीनं ते पाहिलं होतं.

महालक्ष्म्या सासूबाईंजवळच ठेवाव्यात, एवढं साधं ते नव्हतं. चार वर्षांपूर्वी सिंधूताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा त्यांनी रीतसर ओटी भरून दोन्ही मुखवटे सुनेच्या पदरात घातले होते. या घरची रीत अशी, की एकदा सुनेच्या पदरात पडलेल्या महालक्ष्म्या सासू परत घेत नाही. जिथं सुनेची चूल पेटेल तिथं त्यांनी भाद्रपदात उभं राहायचं. बाबांनी हे एकदाच सांगितलं होतं, जायचं ठरलं त्या दिवशी, पेढा तोंडात असतानाच.

"कायमचं जाऊन राहिले ना? मग त्याही येतील तुमच्याबरोबर."

तेव्हा देवश्री "हो" म्हणाली होती. तीन दिवसांचा तो सोहळा, सोळा भाज्या, पुरणाचा नैवेद्य, जेवायला सवाष्णी, आणि नव्या नोकरीत भाद्रपदापर्यंत एक रजासुद्धा हाताशी नसणार. एका वर्षाचं असतं तर तिनं दात-ओठ खाऊन केलं असतं. पण हे जन्माचं होतं. बाबा, मला नाही जमणार, हे वाक्य तिनं न्हाणीघरात कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं. बाहेर आल्यावर ते तोंडातच राही. सात पिढ्यांचं आपल्या हातून तुटलं, हे घरानं आपल्याला आयुष्यभर ऐकवलं नाही तरी आपलं आपल्याला ऐकू येईल, ही तिची खरी भीती होती.

सिंधूताई जमिनीवर बसता येत नाही म्हणून खुर्चीत बसून, मांडीवर सूप घेऊन मिरच्यांचे देठ काढत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. बोलल्या एवढंच, "बाळांना वेगळं गुंडाळ बाई. ठोकर लागते त्यायले."

बाबा, म्हणजे गोपाळकृष्ण, आतल्या खोलीत होते. शाळेतून संस्कृतचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलांची भिक्षुकी पुन्हा हाती घेतली. हल्ली पूजेला बाहेर जाणं कमी आणि फोनवर शंका सोडवणं जास्त, असं चाललं होतं. अर्ध्या जगात पांगलेले वऱ्हाडी त्यांना फोन करत. आंब्याची पानं मिळत नाहीत, होम केला की धुराचा भोंगा वाजतो, सत्यनारायणाला केळ नाही. गोपाळकृष्ण प्रत्येकाला वाट काढून देत आणि दिल्यावर स्वतःच खूश होत. ऐकू कमी येत असल्यानं फोन नेहमी स्पीकरवर असे, त्यामुळे जठारपेठेतल्या त्या गल्लीलाही बरंच धर्मशास्त्र फुकटात कळलं होतं.

आताही फोन वाजला.

"गुरुजी, मी परतवाड्याहून गीतांजली बोलून राहिली. जर्मनीत असतो न आम्ही. सुट्टीत आली आहे."

"बोल, बोल."

"सासूबाईंचं आता होत नाही. महालक्ष्म्या घेऊन जा म्हणतात. मोठे मुखवटे आहेत हो गुरुजी. कसं करू?"

बाहेरच्या खोलीत देवश्रीचा हात पेटीच्या कडीवर थांबला.

"गाव कोणतं तुझं?" गोपाळकृष्णांनी विचारलं. "नदी आहे जवळ?"

"आहे न. घरामागंच."

"मग झालं तर! मुखवटे कायले नेते? वाहत्या पाण्यातले पाच नाहीतर सात खडे आणायचे. वाटीत तांदूळ, तांदळावर खडे. हळदकुंकू वाहायचं, घरात जे शिजेल त्याचा नैवेद्य. तिसऱ्या दिवशी पाण्यात सोडून द्यायचे. खड्यांच्या महालक्ष्म्या कितीतरी घरी असतात."

"पण आमची रीत मुखवट्यांची आहे."

"रीत माणसांसाठी असते बापा. देवी काही विमानात वजन करून येत नाही. खुशाल जा तू. दोष लागला तर माझ्याकडे पाठव."

गीतांजली हसली. चांगली दोनतीनदा "बरं झालं गुरुजी" म्हणाली आणि फोन बंद झाला.

यशोधननं देवश्रीकडे पाहिलं, देवश्रीनं पेटीकडे. गोपाळकृष्ण चष्मा पुसत बाहेर आले आणि दारातच उभे राहिले. आपण काय बोललो आणि ते कुणी कुणी ऐकलं, हे तिघांचे चेहरे बघून त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"त्या परतवाड्याच्या पोरीले सांगितलं," सिंधूताई सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "आपल्या देवश्रीले काहून नाही सांगत?"

"ते यजमान आहेत."

"अन् हे?"

"हे घर आहे."

"म्हणजे यजमानाच्या पोरीनं सुखानं जावं, अन् घरच्या पोरीनं पेटी वाहत जावं?"

गोपाळकृष्णांना राग आला असं वाटलं. पण ते आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. बसल्यावर ते एकाएकी म्हातारे दिसू लागले.

"दुसऱ्याच्या घरचं सांगणं सोपं असते," ते म्हणाले. "तिथं मी मोकळा असतो. इथं माझ्या आईनं पूजलेले मुखवटे आहेत. मीच म्हणालो ठेवा म्हणून, तर ते शास्त्र झालं की पोराच्या मायेनं काढलेली पळवाट, हे मला तरी कसं कळावं? लोकांना गुरुजी असतो. गुरुजीनं कोणाला विचारावं?"

इतके दिवस देवश्री ज्याला हट्टी समजत होती, तो माणूस आपल्यासारखाच अडकून पडलेला निघाला.

"मले विचारा," सिंधूताई म्हणाल्या.

त्यांनी सूप खाली ठेवलं, आत जाऊन मिरचीचे हात साबणानं दोनदा धुतले आणि पदराला पुसत परत येऊन खुर्चीत ताठ बसल्या. बेचाळीस वर्षं त्यांनी नवऱ्याच्या मागं बसून दर्भ, पळी, पंचामृत पुरवलं होतं. त्यांच्या तोंडून शास्त्राचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता.

"विचारा न. फोनवर विचारतात तसं."

यशोधनला हसू आलं, पण बाबांकडे बघून ते त्यानं आवरलं. गोपाळकृष्ण खरंच सरळ होऊन बसले होते. त्यांनी घसा साफ केला.

"आमचा मुलगा आणि सून..." ते थांबले. "मुलगा आणि सून कायमचे परदेशी चालले आहेत."

कायमचे, हा शब्द त्यांनी पेढ्याच्या दिवसानंतर उच्चारला नव्हता. ते आपले 'तिकडे गेल्यावर' म्हणत, नाहीतर विषय उन्हावर नेत. आता तो शब्द खोलीत सगळ्यांच्या मधे येऊन बसला. सिंधूताईंनी त्याला थोडा वेळ बसू दिलं.

"गाव कोणतं?" त्यांनी विचारलं.

"हॅमिल्टन."

"नदी आहे?"

गोपाळकृष्णांनी सुनेकडे पाहिलं.

"आहे," देवश्री म्हणाली. "आहे आई. गावाच्या मधूनच जाते."

"आपल्या अकोल्यातल्या मोर्णेसारखी?"

"नाही हो. हिच्यात पाणी दिसते."

"मग मुखवटे इथंच राहू द्या," सिंधूताई म्हणाल्या. "त्यायले इथल्या उन्हाची सवय आहे. हिच्या पदरातून मी काही परत घेऊन नाही राहिली. हिच्याच आहेत, पेटीत निजल्या आहेत असं समजायचं. ही तिथं नदीवरून खडे आणन, वाटीत मांडन. भात-वरण जमलं तर भात-वरण. सुट्टी नसन तर संध्याकाळी येऊन हात जोडन."

"अन् सोळा भाज्या?" गोपाळकृष्णांनी विचारलं. हे आता ते गंभीरपणे विचारत होते की लाडानं, सांगणं कठीण होतं.

"सोळा भाज्या मी लई वर्षं केल्या. खरं सांगू का? त्या धबडग्यात मी त्यायचं तोंड एकदाही धड पाहिलं नाही. नैवेद्याचं दूध उतू जाते का, सवाष्णीच्या ताटात काय कमी पडलं, हेच पाहत राहिली. दरवर्षी उठवताना वाटे, अरे, आल्या कधी अन् चालल्या कधी. हिच्या पदरात घातल्या त्या दिवशी मले वाईट वाटायले पाहिजे होतं. मी तर रात्रभर छान झोपली."

देवश्री हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. तिनं ते पुसलेही नाहीत. महिन्याभरात पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घेता येत होता. ती उठून सासूबाईंच्या खुर्चीशी जाऊन बसली, तर त्यांनी हात मागे घेतला.

"हात नको लावू, मिरची आहे अजून."

यशोधननं तिसऱ्या पेटीची ओळ पुसून टाकली. तक्त्यातला लाल रंग गेला. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो पाठ टेकून बसला.

गोपाळकृष्ण मात्र अजून तसेच बसून होते. प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा त्यांनी उतरवला नव्हता.

"अजून एक शंका आहे," ते म्हणाले.

"बोला."

"जाणाऱ्यांचं समजलं. मागे राहिलेल्यांनी काय करावं?"

हे त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं. सिंधूताईंनी पदराची किनार बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. लग्न झाल्यापासून त्या अकोल्याच्या पलीकडे माहेरी अचलपूरला आणि फार तर नागपूरला गेल्या होत्या. पासपोर्ट काढायचा विषय निघाला की, मले कायले पाहिजे, असं म्हणून त्याच उठून जात.

"खडे वेचायले घरची मोठी सवाष्ण लागते," त्या अखेर म्हणाल्या. "पहिल्या वर्षी तरी. पोरीनं एकटीनं वेचू नये."

"असं कुठं सांगितलं आहे?" गोपाळकृष्ण चटकन भिंतीकडून वळले. "मी तरी वाचलं नाही."

"मी सांगून राहिली ना. विचारलं कोणाले तुम्ही?"

गोपाळकृष्णांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"अन् गुडघा?" त्यांनी विचारलं.

"वाकायले सून आहे. मी बोटानं दाखवन."

"म्हणजे तू एकटीच जाशील."

"एकटी काहून? पूजा कोण सांगन मग?"

यशोधननं लॅपटॉप पुन्हा पुढं ओढला. आई-बाबांच्या तिकिटांची पुसलेली ओळ त्यानं परत लिहिली, तिच्यात दोन वर्षांनी असं होतं तिथं यंदाचा भाद्रपद घातला, आणि खालच्या रकान्याकडे बघितलं. आकडा तंग होता, पण काळाच राहिला. त्यानं पडदा देवश्रीकडे वळवला. तिनं वाचलं आणि मान हलवली.

सिंधूताईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. बाहेर वैशाखातलं ऊन खिडकीच्या गजांवर तापत होतं आणि कूलरची जाळी वाळत आली होती. गोपाळकृष्ण उठले, बादलीनं कूलरमधे पाणी ओतलं, वारा गार होईपर्यंत तिथंच उभे राहिले. मग कुणालाच उद्देशून नाही असं त्यांनी विचारलं,

"भाद्रपदात थंडी असते म्हणे तिकडे. स्वेटर पुरेल का?"