चौथी ओळ

दगडावर कोरलेला इतिहास कुणालाही पुसता येत नाही, असं रत्नागिरीच्या इतिहास मंडळाच्या सचिव सुलभाबाई खातू प्रत्येक व्याख्यानात सांगत. दगडाला टाइल्स लावता येतात, हे त्यांना राजापूरजवळच्या त्या देवळात पोचल्यावर कळलं.

मागच्या सहलीत त्यांनी इथल्या शिलालेखाच्या तीन ओळी उतरवल्या होत्या. साल चौथ्या ओळीत असणार होतं, पण ती मातीत बुडालेली होती आणि सभासदांना भूक लागली होती. तरीही लेख सातशे वर्षांचा असल्याचं बाईंनी पाच व्याख्यानांत ठोकून दिलं होतं. आज एकेचाळीस सभासदांसमोर ते साल वाचून दाखवायचं होतं. रात्रभर त्यांना झोप नव्हती.

"रघूदादा, शिळा कुठाय?"

"ही काय!" देवळाचे गुरव चकचकीत भिंतीवर थाप मारत म्हणाले. "तुमीच सांगून गेलात ना बाई, गावचा ठेवा जपा म्हणून? मुंबईची मंडळी गणपतीत आली, तेव्हा उरकून टाकलान."

"अहो, पण अक्षरं?"

"आत हायत की! आता पाऊस नाय, वारा नाय. सिमेंट घट्ट बसलाय."

"बाई, साल सांगताय ना?" मागून तात्या लिमये म्हणाले. सातशेचा आकडा त्यांना पहिल्यापासून पटला नव्हता. "की आधी डबे उघडायचे?"

बाईंनी खाली वाकून पाहिलं. चौथ्या ओळीच्या जागी संगमरवरी पाटी होती. तिच्यावर 'मार्गदर्शन : सुलभा खातू' असं कोरलेलं होतं. खाली साल होतं, २०२४.