मागच्या खोलीचं कलम

बायको जाऊन महिनाही झाला नव्हता. त्या सकाळी बँकेचा माणूस टेप घेऊन आला आणि सुताराची खोलीच मोजू लागला.

"कागदावर सगळी जागा बेकरीची आहे, काका. तुम्ही कधी निघताय?"

सुतार तडक बेकरीवाल्याकडे गेला.

बायकोच्या आजारपणात त्याने दुकान शेजारच्या बेकरीवाल्याला विकलं होतं. बोलणं स्वच्छ होतं: दुकान बेकरीचं, मागच्या खोलीत नवराबायको मरेपर्यंत राहणार. खरेदीखतात त्यातलं एक अक्षर नव्हतं. सुताराला वाटलं, आपणच लिहून मागितलं तर शेजाऱ्यावर भरवसा नाही असं दिसेल. बेकरीवाल्याला वाटलं, सुताराने खरेदीखत करणाऱ्या वकीलबाईंना सांगितलंच असेल. भिडेपायी दोघंही गप्प राहिले.

"मी शब्द फिरवणार नाही, मामा," बेकरीवाला म्हणाला. "दुरुस्तीपत्र करून खोलीचं कलम घालू. पण सोमवारी माझ्या कर्जासाठी जागा बँकेकडे गहाण पडणार. मग माझ्याही हातात काही नाही."

वकीलबाईंनी लगेच मसुदा केला. दोघांनी सह्या केल्या.

"दुकान तुम्हा नवराबायकोच्या नावावर होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या मिसेसच्या जागी वारस म्हणून मुलीची सही लागेल."

सुताराला हायसं वाटलं. मुलगी तर घरचीच.

तो कागद घेऊन मुलीच्या घरी गेला. तिने तो वाचून बाजूला ठेवला. "म्हणजे मी सही केली की तुम्ही तिथे एकटे राहणार."

"राहीन की. इतकी वर्षं राहिलोच ना?"

"आई होती म्हणून. परवा दूध उतू जाऊन गॅस विझला, तुम्हाला पत्ता नाही. बेकरीवाल्यांनी धावत येऊन बंद केला."

"त्याला मेल्याला चोंबडेपणाची हौसच आहे."

"हसण्यावारी नेऊ नका, बाबा. इथे या. तुमच्यासाठी खोली रिकामी केली आहे."

"तिथली बेकरीच्या भट्टीकडची भिंत गरम असते," तो म्हणाला. "तुझी आई तिला पाठ लावून बसायची. दुखणं तेवढंच कमी व्हायचं तिचं. मला तिथेच राहू दे, बाळ. पाया पडतो तुझ्या."

तो खरंच वाकला. तिने त्याला धरलं, रडली, पण पेन घेतलं नाही. "उद्या तुम्ही तिथे मेलेले सापडलात तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

रविवारी तो पुन्हा गेला. तिने जेवायला वाढलं, कागदाचं नाव काढलं नाही.

सोमवारी बेकरीवाला बँकेत जायला निघाला आणि सुताराच्या दारात थांबला. "झाली का, मामा?"

सुताराने दुरुस्तीपत्र त्याच्यापुढे धरलं. मुलीची सही अजून झालेली नव्हती.