अकरा अंश

मित्रांनो, बारामतीच्या एका कॉलेजच्या कपाटात पडलेला मी एक जुना तापमापक. काचेची नळी आणि पोटात पारा, एवढाच माझा संसार. खरं सांगण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही, आणि आता त्याचाही कंटाळा आला आहे.

अंबाल्याच्या कारखान्यात जन्मलो आणि इथे आलो. पोरांनी मला उकळत्या पाण्यात इतकं बुडवलं की आकडे पुसट झाले. मग १९९४च्या थंडीत, नव्यानेच नोकरीला लागलेल्या करुणा मॅडमनी मला बाहेर काढलं. माझी छाती अभिमानाने फुगली, हे कबूल करतो.

इंदापूरकडच्या एका मोठ्या तलावात रामहरी ठेकेदाराला थंडीआधी पकडून विकण्यासाठी चिलापी सोडायची होती. हा परदेशी मासा भराभर वाढतो आणि दुसऱ्या माशांची अंडी फस्त करतो. तिथल्या मासेमार गेणूतात्यांचं पोट तर वाम आणि शिंगटे या गावठी माशांवर चालायचं. पाणी बारा अंशांखाली जात असेल तर चिलापी हिवाळ्यात मरेल, कायमची पसरणार नाही, मग सरकारी परवानगी. नाहीतर नाही. ते मोजायचं काम मॅडमकडे आलं.

"थंडीत मरतीय का न्हाय, तेवढंच लिवा मॅडम," रामहरी म्हणाला.

वीस दिवस आम्ही सकाळी सकाळी होडीतून गेलो. एका टोकाला मॅडम वही धरून कुडकुडत बसायच्या. दुसऱ्या टोकाला गेणूतात्या मला दोरीने पाण्यात सोडायचे. पाण्यात छान ऊब असायची, पारा वीसवर निवांत बसायचा. मग तात्या मला वर ओढायचे, पाहुण्याला द्यायचा तांब्या पुसावा तसं टॉवेलने दोनदा पुसायचे आणि डुलती होडी ओलांडून दोन्ही हातांनी मॅडमना द्यायचे. तोवर बोचऱ्या वाऱ्यात पारा घसरलेला असायचा.

"अकरा," म्हणत मॅडम लिहायच्या. मी ओरडणार कसा?

अहवाल गेला, परवानगी मिळाली, चिलापी सुटली.

तिसऱ्या हिवाळ्यात मॅडम पुन्हा तलावावर आल्या. तात्यांच्या जाळ्यात चिलापीच चिलापी. शिंगटे दोन, वाम एकही नाही.

"ही थंडीत मरायची व्हती न्हवं?" तात्यांनी विचारलं.

मॅडमनी बाही वर करून पाण्यात हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. "तात्या, पाणी तर ऊन आहे!"

"पहाटं ऊनच असतंय की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी आकडा लिवत व्हता. त्याम्होरं मी काय बोलू?"

"आणि मला तापमापक पाण्यातच का नाही बघू दिला?"

"वली वस्तू मॅडमच्या हातात कशी द्यावी?"

मॅडमनी ओल्या हातावरची बाही खाली केली. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे, तात्या. मीच वाकून बघायला हवं होतं."

त्यांनी दुसरा अहवाल लिहिला. त्याने मासे काही परत आले नाहीत. पुढच्या वर्षी तात्यांनी होडी उपडी केली आणि ते ऊसतोडीला गेले. मला त्यांचं फार वाईट वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपा, पण नुसतं पुसूनबिसून नको. आम्हाला पाण्यात असतानाच वाचा. आणि त्याआधी दोरी धरणाऱ्याला विचारा, पाणी कसं आहे. त्याला ते ठाऊक असतं.