लंबूसाहेबाच्या कमानीतले आजोबा

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कोणीही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवलात तर मलाच तुमची काळजी वाटेल. माझे आजोबा या शहरातल्या ग्रंथालयाच्या कमानीत दगड म्हणून बसले होते. कमानीखाली नव्हे, कमानीवर नव्हे. कमानीत.

"झालं यांचं सुरू," मेहुणा म्हणाला. दुपारचं जेवण झालं होतं आणि आरामखुर्चीत आडवं होऊन त्याला डोळा लावायचा होता. खिडकीशी सून इस्त्री करत होती. ती या घरात नवी, त्यामुळे माझ्या गोष्टी तिला अजून शिळ्या झालेल्या नाहीत. मी तिच्याकडे तोंड करून बसलो.

इथल्या ज्या इमारती कॅलेंडरवर छापतात ना, त्या सगळ्या लंबूसाहेबाच्या. टपाल कचेरी, घुमटाचं न्यायालय, आणि हे ग्रंथालय. गोऱ्यांच्या राज्यात सरकारने त्याला खास बोटीने मागवला होता. माणूस असा ताडमाड, की भिंत सरळ उठली की नाही हे गवंडी साहेबाला शेजारी उभं करून बघत.

साहेबाची कामाची एक तऱ्हा होती. कागदावरच्या चिमुकल्या चित्रावर त्याचा भरवसा नव्हता. बांधकामाच्या मागे चुन्याची गुळगुळीत जमीन करून घ्यायचा, आणि कमान जेवढी व्हायची तेवढीच्या तेवढी त्या जमिनीवर खिळ्याने ओढायचा. पाथरवट त्या रेघांवर पत्र्याचे साचे कापत आणि साच्याबरहुकूम दगड घडवत. एक इमारत उभी राहिली की जुन्या रेघांवर चुन्याचा नवा हात, की पुढची इमारत.

आजोबा पाथरवटांचे मुकादम. न्यायालय संपलं तेव्हा चुन्याचा हात त्यांनी पातळ दिला. पातळ म्हणजे, तोंडाला पावडर लावावी इतका! ग्रंथालयाच्या रेघांखालून न्यायालयाच्या रेघा डोकावायला लागल्या. बाकी दगड बरोबर निघाले, पण शेवटच्याच दगडाचा साचा नेमका खालच्या रेघेवर कापला गेला.

"एका दगडाने काय होतंय?" मेहुणा डोळे मिटूनच म्हणाला.

अरे, तो चावीचा दगड! दोन्ही बाजूंनी चढत आलेली कमान जिथे भेटते तिथे तो वरून ठोकायचा. वर रुंद, खाली निमुळता. तो घट्ट बसेपर्यंत अख्खी कमान लाकडाच्या आधारावर असते. आणि हा निघाला लहान. ठेवला तो थेट लाकडावर जाऊन बसला, दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी फट. मोठा दगड तासून लहान करता येतो, लहान दगड ओढून मोठा करता येत नाही.

त्यात त्याच दुपारी उद्घाटन. लाटसाहेबाची बग्गी कमानीखालून आत जाणार. लंबूसाहेबाने बजावलं होतं, "मुकादम, बग्गी आली आणि लाकूड दिसलं, तर उद्यापासून मुकादम दुसरा." तो दुसराही तयार होता. आजोबांचा सख्खा साडू, धुतलेला कोट घालून कमानीच्याच खांबाला टेकून उभा. लाकूड काढावं तर कमान जाते, ठेवावं तर मुकादमी जाते.

भाकरी घेऊन आलेल्या आजीने आजोबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अहो, स्वतःची अंगकाठी बघा जरा. वर रुंद, खाली निमुळते. तुमचा साचा कोणत्या रेघेवर कापला होता ते मला आज कळलं. चढा वर."

"आणि चढले?" सुनेने विचारलं.

चढले म्हणजे काय! आजीने अंगभर दगडाची भुकटी माखली, मिशांना चुना लावला, आणि पाथरवटांनी तो लहान दगड काढून त्यांना वरून त्याच्या जागी ठोकून बसवलं. लाकडं काढली. कमान एकदा कुरकुरली आणि आजोबांच्या खांद्यांवर गप्प बसली.

"हाडांचा भुगा नाही झाला?" सून म्हणाली.

"झाला असता तर मी जन्मलो असतो का?"

"दाजी, तुमचे वडील तेव्हा शाळेत जात होते."

"तू झोप रे!"

तर बग्गी आली. लाटसाहेब उतरला, मान वर करून बघतो तर कमानीच्या मधोमध चेहरा. "हा कोण?" लंबूसाहेबाने वर पाहिलं. आपला मुकादम ओळखला, पण पापणीसुद्धा हलवली नाही. "विद्येचा देव," म्हणाला. "फार जुना. आता कोणी पुजत नाही."

"देवाला घाम आलाय," लाटसाहेबाची बायको म्हणाली.

"नवा दगड आहे, बाईसाहेब. ओल सोडतो."

मग भाषण सुरू झालं, आणि भाषण रंगात आलं तेव्हा एक कबुतर येऊन आजोबांच्या डोक्यावर बसलं. त्याचं पीस नाकाशी. शिंक आली! शिंकावं तर कमान लाटसाहेबाच्या टकलावर. आजोबांनी जिवाच्या कराराने शिंक दाबली. पण दाबलेली शिंक जाणार कुठे? ती दगडादगडांतून उतरली, खांबात शिरली, आणि खांबाला टेकलेल्या साडूच्या नाकातून अशी बाहेर पडली, की लाटसाहेबाच्या हातातले कागद उडाले. साडूला शिपायांनी कॉलर धरून फाटकाबाहेर काढला. मुकादमीवरचा त्याचा हक्क तिथेच संपला.

मेहुणा एव्हाना उठून बसला होता. "आणि तुमचे आजोबा? अजून तिथेच आहेत?"

पाहुणे गेल्यावर आधार पुन्हा लावले, आजोबांना उपटून काढलं आणि नवा दगड घडवायला घेतला. तेवढ्यात लंबूसाहेब आला. म्हणाला, "लाटसाहेब पुन्हा येणार, देव कुठे गेला म्हणून विचारणार. मुकादम, दगडावर चेहरा पाहिजे." आजोबांनी आरशात बघून स्वतःचा चेहरा कोरला. मुकादमी मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली आणि चेहरा आजही तिथे आहे. रुंद कपाळ, झुपकेदार मिशा, शिंक दाबलेलं नाक. कोणीही जाऊन बघावं.

सुनेने इस्त्री उभी करून ठेवली.

"बाबा, हे साफ खोटं! मी रोज त्याच कमानीखालून कामाला जाते. चेहरा आहे, दाबलेली शिंकही आहे, पण मिशा कुठायत? तिथे चांगला घट्ट अंबाडा कोरलाय. कमानीत तुमची आजी बसली होती, आणि आजोबा खाली उभे राहून टाळ्या वाजवत होते!"