राखलेला उजेड

“आधी सावली मांड, कुमुद. उजेड काढायचा नसतो, राखायचा असतो.”

पद्मजाबाईंचा तो मृदू, मधाळ स्वर कुमुदिनीच्या कानांत अजून तेवतो आहे. बाहेर मार्गशीर्षातली पहाट कृष्णेच्या पात्रावर धुक्याचं धूसर वस्त्र पसरते आहे. घाटाच्या पायऱ्या अर्ध्या श्यामल, अर्ध्या रुपेरी. जणू कुणी कोळशाने रेखाटल्या आणि बोटाने हलकेच पुसल्या.

किती सायास पडले होते बाईंकडे कोळशाच्या चित्रातलं ते राखणं शिकायला! जन्मभर तिने तुळशीपुढे रोज रांगोळी घातली. ओल्या, गडद सारवणावर शुभ्र रेघ. तिथे उजेड चिमटीतून सांडावा लागतो. कोळशाचा धर्म उलटा. कागद आधीच शुभ्र, आधीच सोवळा. काळोख घालायचा तो त्याच्या भोवती, भीतभीत. पण कुमुदिनीचा हात पुन्हा पुन्हा पांढऱ्या खडूकडे वळे, आणि बाई हसत. “अगं, रांगोळी घालतेस की काय?”

मग एका शारद संध्येला साधलं. आपल्या देव्हाऱ्यातून बाईंच्या घरी नेलेलं तांब्याचं तामण, त्यात कलती पळी, शेजारी एकच समई. छाया उतरली, घन, मग विरळ, मग केवळ श्वासाएवढी. आणि तामणाच्या काठावर चंद्रकोरीएवढी जागा कोरी राहिली. अस्पर्श. उजेड आला होता, आपल्या पावलांनी आला होता.

कुमुदिनीने हात जोडले. खाली नाव घातलं नाही. “रांगोळीवर का कुणी सही करतं, बाई?”

“मग मी जपून ठेवते हो,” म्हणत बाईंनी चित्र कपाटात ठेवलं.

त्याच सांजेला तिने शब्द दिला. बाईंची बोटं सांध्यांत आखडलेली. नदीकाठच्या वाळुंजाच्या काड्या डब्यात कोंडून, चुलीच्या धगीत भाजून कोळसा करणं त्यांना झेपेना. “माझी चूल पेटते आहे तोवर तुमचा कोळसा माझ्याकडून,” ती कृष्णेकडे तोंड करून म्हणाली होती.

काल गावच्या वाचनालयात बाईंच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं. भिंतीवर मधोमध, काचेआड, तेच तामण. तीच छाया. आणि त्या चंद्रकोरीत, त्या राखलेल्या, अस्पर्श शुभ्रात, कोळशाची वळणदार सही. पद्मजा.

“अगं, हे तुझंच तामण ना?” शेजारच्या शकूवहिनी काचेला नाक लावून म्हणाल्या. “पोचासुद्धा तोच! चिंचेनं घासून घासून बोटं झिजली तुझी, आणि हे बसलं होय बाईंच्या चित्रात जाऊन?”

“तामण माझं आहे, वहिनी.” पुढचं वाक्य कुमुदिनीने गिळलं.

बाईंनी तिला दाराशी गाठलं. नजर पायांपाशी. “तूच म्हणालीस ना गं, रांगोळीवर सही नसते म्हणून? मला वाटलं, तुला त्याचं काही नाही.”

देवापुढचं फूल कुणी उचलावं, आपल्या वेणीत माळावं, आणि वर विचारावं, तू तर वाहिलंच होतंस ना? तसं झालं. कुमुदिनी तडक घरी आली.

आता परवा भाजलेला डबा तिने उघडला आहे. काड्या काळ्याभोर, पिसाएवढ्या हलक्या, एकमेकींना लागताच किणकिणणाऱ्या. क्षणभर मन म्हणालं, दे सोडून नदीत. नदी सगळंच पोटात घेते.

पण शब्द बाईंना दिला असला, तरी ठेवला होता कृष्णेपाशी.

तिने तुळशीपुढे रांगोळी घातली. तामण घासून, लखलखवून, देव्हाऱ्यात ठेवलं. ते आता त्या घरी जाणार नाही. काड्या धुवट फडक्यात बांधल्या.

मग उंबरा ओलांडला. पाठीशी कोवळं ऊन, पुढ्यात घाट, घाटापलीकडे बाईंचं मिटलेलं दार. आधी सावली उतरली. लांब, कृश, काळीभोर, पायरीपायरीने. आणि तिच्यामागून, ओंजळीत कोळसा घेऊन, ती.