जोडाचा माल

“टॉर्च नीट धर की! माझ्या नाकात स्क्रू बसवायचाय काय?”

“मग नाक बाजूला घे,” शांभवी म्हणाली.

सोमशेखरनं हसत मदरबोर्डचा शेवटचा स्क्रू आवळला. पुढच्या सोप्यात सतरंजीवर सगळा बाजार मांडलेला. उघडा कॅबिनेट, वायरींचा गुंता, रिकामी खोकी, आणि फडक्यात जपून ठेवलेलं पुण्याहून आणलेलं ग्राफिक्स कार्ड. शिवाजी पेठेतल्या आपल्या दुकानात त्यानं गिऱ्हाइकांचे पाच-सहाशे कॉम्प्युटर जोडले असतील. पण हा धाकट्या बहिणीच्या रुखवतात मांडायचा होता. इचलकरंजीच्या पावण्यांनी हुंडा नको म्हटलं होतं. पोरगी शिकलेली हाय, एक कॉम्प्युटर तेवढा द्या, एवढंच मागणं.

“कंपनीचा घे बाबा,” आप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, पंचाक्षरींनी, दहादा सांगून पाहिलं होतं. “खोक्यातनं काढला की चालू. डोक्याला ताप न्हाय.”

“आप्पा, कंपनीच्यात हिची मोटार रांगत जाईल.”

आता ह्यात चेष्टा काही नव्हती. मोटारीच्या शर्यतीच्या खेळात दुकानात येणाऱ्या एकाही पोराला शांभवीनं आजवर पुढं जाऊ दिलं नव्हतं. सोमशेखरला तर ती दर डावात हरवायची. तयार कॉम्प्युटरात असलं कार्ड बसत नाही, मेमरी निम्मी, आणि झाकण उघडलं की वॉरंटी गेली. सासरी गेल्यावर बहिणीला घटकाभर खेळता यावं म्हणून त्यानं एकेक भाग स्वतः निवडला होता. सहा महिने लागले त्याला.

कार्ड बसवलं तोच दारात चपला वाजल्या. लग्नातल्या देण्याघेण्याच्या याद्या करायला पावणे आले, आणि तेही सांगितल्या वेळेच्या तासभर आधी. नवऱ्या मुलाचे वडील बसगोंडा आणि त्यांचे दोन भाऊ. बसगोंडांचे इचलकरंजीत कापडाचे वीस माग. माणूस मोकळा, गडगडाटी हसणारा. आल्या आल्या त्यांची नजर सतरंजीवर गेली.

“ह्यो काय पसारा मांडलाय, पावणं?”

“शांभवीचा कॉम्प्युटर,” सोमशेखर अभिमानानं म्हणाला. “बाजारातला तयार न्हाई घेतला. सगळा मी स्वतः जोडलाय.”

“जोडलेला?” बसगोंडांचं हसू जरा आखडलं. “म्हंजे जोडाचा?”

आता ह्या एका शब्दात काय आहे ते मागवाल्यालाच कळतं. कापडाचा तागा एका लांबीत सलग उतरला तर अस्सल. मध्ये तुटला आणि दोन तुकडे मिळून एक तागा केला, की तो जोडाचा माल. त्याचा भाव पडतो, व्यापारी नाक मुरडतो. सोमशेखरच्या दुकानात जोडणं म्हणजे कसब. इचलकरंजीत जोड म्हणजे खोट.

“पावणं, तसं न्हवं...” सोमशेखर समजवायला लागला.

“आरं, ऱ्हाऊ दे की. रागावलो न्हाय मी.” बसगोंडा मांडी ठोकून बसले. “पर आमच्या घरात जोडाचा माल येत न्हाय. आणि जोड असला तर असला म्हणावं, आधी सांगून द्यावा माणसानं. लपवून दिला की अख्खा गठ्ठा माघारी. धंद्यात तरी आमची अशी रीत हाय.”

ते हसले, भाऊही हसले. भावंडांची अव्वा, म्हणजे आई मल्लव्वा, चहा घेऊन आली होती; तिच्या हातातल्या बशीत चहा सांडला. आप्पांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

पावणे कॉम्प्युटरचं बोलत होते, सोमशेखरच्या कानावर मात्र ते शांभवीचं पडलं. तो नऊ वर्षांचा होता तेव्हा, त्याची जन्मदाती आई वारल्यावर वर्षभरानं, आप्पांनी मल्लव्वाशी लग्न केलं. मल्लव्वाचा पहिला नवरा तापानं गेलेला. तिच्या कडेवर दोन वर्षांची शांभवी होती. आप्पांनी ती पोर सोमशेखरच्या मांडीवर दिली आणि म्हणाले, “ही तुझी बहीण. कुणी विचारलं तर आपलीच. हिलाबी कधी कळू द्यायचं न्हाय.” त्यानं ते एकोणीस वर्षं पाळलं. पाळायला काही जडही गेलं नाही, कारण त्याच्या मनानं ती कधी दुसऱ्याची नव्हतीच. पावण्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असंच घरात कुणाला वाटत नव्हतं.

“कंपनीचा देतो,” आप्पा खालच्या आवाजात म्हणाले. “लिवा यादीत.”

यादी झाली, कुंकू लागलं, पावणे पोटभर जेवून गेले. ते गेल्यावर आप्पा सोमशेखरवर उखडले.

“जिभेला हाड न्हाय तुझ्या!”

“मी कॉम्प्युटरचं बोललो, आप्पा.”

“कळतंय मला. पर झालं ते झालं की.”

मल्लव्वा चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसली होती. शांभवी मोरीत कपबश्या विसळत होती. तिच्या पाठीवरून काही समजत नव्हतं. हिनं ऐकलं तर नसेल ना, हिला काही उमगलं तर नसेल ना, ह्या धास्तीनं सोमशेखर त्या दिवशी पानावर बसलाच नाही.

शनिवारी तो स्वतः जाऊन रिक्षातून कंपनीचा कॉम्प्युटर घेऊन आला. सील लावलेला, चकचकीत. आत काय असतं ते त्याला पाठ होतं. तेच दहा ठिकाणचे दहा भाग, कुणीतरी जोडलेलेच, वरून झाकण बंद. खोकं सोप्यात ठेवून तो आपल्या मशीनच्या वायरी सोडवायला बसला. ग्राफिक्स कार्ड काढताना त्याला एकदम रडू आलं, आणि कुणी बघत नव्हतं म्हणून तो रडलाही.

शांभवी बाहेरून आली आणि त्याच्या शेजारी टेकली.

“कुठं गेलतीस?”

“कोपऱ्यावर. फोन कराय.”

“कुणाला?”

“इचलकरंजीला. बसगोंडामामांना.” ती सतरंजीचा एक दोरा बोटाला गुंडाळत होती. “सांगितलं त्यांना. माझे वडील मी लहान असताना वारले, आप्पांनी मला नाव दिलं, ते सगळं.”

सोमशेखरनं पेचकस खाली ठेवला.

“तुला... तुला कुणी सांगितलं?”

“दहावीत जन्मदाखला आणाय गडहिंग्लजला मीच गेलते की. वडिलांचं नाव वाचाय येतं मला, अण्णा.”

“सहा वर्षं झाली! आणि एक शब्द बोलली न्हाईस?”

“तू तरी कुठं बोललास?”

त्यानं तिचा हात धरला.

“कशाला सांगितलंस गं? कुणी विचारलं हुतं का?”

“उद्या कुणीतरी सांगितलं असतंच. मग अव्वाला काय काय ऐकवलं असतं त्यांनी. त्यापेक्षा माझ्या तोंडानं बरं.”

“मग? काय म्हणाले?”

“लई गोड बोलले. खरं बोललीस पोरी, म्हणाले. अव्वाला नमस्कार सांगितलाय.”

“आणि लग्नाचं?”

“कळवतो म्हणाले.”

कळवतो म्हणजे काय, हे लग्नघरातल्या पोराटोरालाही सांगावं लागत नाही. सोमशेखरनं सुटलेल्या वायरी गुंडाळायला घेतल्या. स्वयंपाकघरातून बेसन भाजल्याचा वास येत होता.

“सोमू!” आतून मल्लव्वानं हाक मारली. आठवड्यात पहिल्यांदाच तिचा आवाज मोकळा होता. “कॉम्प्युटर आला न्हवं? बरं झालं बाबा. त्यांच्याकडली माणसं किती येणार, जरा विचारून घे की. तेवढे लाडू वळते.”

शांभवीनं सोमशेखरच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिनंच उत्तर दिलं.

“कळवतो म्हणालेत, अव्वा.”

“बरं. मग तवर दोनशेचं धरते,” मल्लव्वा म्हणाली.