रविवारची होडी

मित्रांनो, बंदरावर कधी आलात, तर पायऱ्यांजवळच्या होड्या पाहून परत फिरू नका. धक्क्याच्या टोकापर्यंत चालत या. तिथे पांढऱ्याशुभ्र फायबरच्या होड्यांच्या रांगेत एकच लाकडाची, निळ्या रंगाची, जरा रुंद अंगाची होडी दिसेल. रंगाचे पोपडे निघालेले, काठाला दोर घासून खाचा पडलेल्या. ती मी. या रांगेत वयाने सर्वांत मोठी आणि मानाने सर्वांत धाकटी.

या टोकाला रविवारच्या होड्या बांधतात. पायऱ्यांजवळची जागा रोज समुद्रावर जाणाऱ्यांची असते. माझ्या आयुष्याचा मोठा भाग मी तिथे, पहिल्या रांगेत काढला. तिथून इथपर्यंत कशी आले, तेच आज सांगते.

बंदरामागे एका सुताराचे मोठे छप्पर होते. तिथे माझा जन्म झाला. त्याने आधी कणा घातला, त्यावर बरगड्या उभ्या केल्या आणि वाफेवर मऊ केलेल्या फळ्या एकीशेजारी एक वाकवून बसवल्या. दोन फळ्यांमधल्या फटीत तेलात भिजवलेला कापसाचा पीळ ठोकून भरला. मला पाण्यात लोटले, तेव्हा काठावर नाखवा, म्हणजे माझे मालक आणि चालक, आणि त्यांची नवी नवरी उभी होती. पाहता पाहता माझ्या तळाशी पाणी चढू लागले. नाखवीण घाबरली.

"अहो, ही तर बुडतेय! पहिल्याच दिवशी!"

सुतार पोट धरून हसला. "बुडत नाहीये वहिनी, पाणी पितेय. लाकूड तहानलेलं असतं. पोटभर प्यायलं की फुगेल, आणि फटी आपोआप मिटतील. मात्र एक सांगून ठेवतो, हिला कधी कोरडी पडू देऊ नका. लाकडाची होडी पाण्याने मरत नाही, कोरडेपणाने मरते."

संध्याकाळपर्यंत माझ्या फटी खरोखरच मिटल्या. नाखवा ते बोलणे विसरले. नाखवीण विसरली नाही.

आमचा धंदा जाळ्याचा नव्हता. शहरातले हौशी लोक गळ आणि काठी घेऊन येत, त्यांना मासे लागतील अशा ठिकाणी न्यायचे, दिवसभर सांभाळायचे आणि सुखरूप परत आणायचे. नाखव्यांचे पोट त्यावरच होते. समुद्र शांत असो वा चिडलेला, गिऱ्हाईक एक असो वा होडीभर, आम्ही रोज सज्ज असायचो.

नाखव्यांना पाण्याखालचा एक खडक ठाऊक होता. त्याला ते 'कोठार' म्हणत, कारण तिथून कोणी कधी रिकामे आले नव्हते. तो शोधायची रीत अशी: बर्फाच्या कारखान्याची चिमणी दीपस्तंभाच्या बरोबर पुढे आली, इतकी की दोन्ही मिळून एकच खांब दिसू लागला, आणि त्याच वेळी पाण्याची टाकी डोंगराच्या खिंडीत बसली, की तिथेच नांगर टाकायचा. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी दाखवले होते. त्यांनी ते कोणालाच दाखवले नव्हते.

त्यांचा एक नेमही होता. दिवसभर बसून ज्याला काहीच लागले नाही, त्याला ते उतरताना आपल्या गळाचा एक मासा देत. "माझ्या होडीतून रिकाम्या हाताने कोणी उतरायचं नाही," असे ते म्हणत. घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ दर रविवारी येत. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. त्यांना मासे क्वचितच लागत. मासा हातात घेताना ते दर वेळी म्हणत, "नाखवा, घरी मी धरलाय असंच सांगतो हं."

"सांगा की. मासा थोडाच साक्ष द्यायला येणार आहे!"

असे ते दिवस होते. मला तेव्हा वाटे, समुद्र आमच्यासाठीच भरतो आणि ओसरतो.

पुढे धक्क्याच्या टोकाला नव्या होड्या येऊ लागल्या. कोणी शाळामास्तर, कोणी कारकून. आठवडाभर आपापली नोकरी करायची, आणि रविवारी हवा चांगली असली की होडी काढून चार गिऱ्हाइके न्यायची. पोट दुसरीकडे भरत असल्यामुळे त्यांना कमी भाड्यात परवडे. चिडलेला समुद्र ते आमच्यासाठी सोडत आणि हसरा स्वतःकडे ठेवत. गिऱ्हाईक तर रविवारीच येणार! पायऱ्यांवर बसलेले रोजचे नाखवे दात-ओठ खात. त्यांचा सर्वांत मोठा राग होता तो दातांच्या एका डॉक्टरांवर. त्यांची होडी सर्वांत देखणी होती. आमच्या नाखव्यांनी त्यांचे नाव 'दाढ' ठेवले होते.

"आली बघा दाढ," ते म्हणत. "सहा दिवस लोकांचे दात काढते आणि सातव्या दिवशी आमचं पोट."

डॉक्टर मात्र हसतमुख होते. एकदा ते पायऱ्यांजवळ आले आणि म्हणाले, "नाखवा, कोठाराची जागा मलाही एकदा दाखवा की."

"दाखवतो. तुमची दात काढायची पकड तेवढी मला देऊन टाका. मीही दर रविवारी दवाखाना उघडतो!"

पायऱ्यांवर हशा पिकला. डॉक्टरही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

त्यानंतर डॉक्टर आमच्या मागे मागे येऊ लागले. नाखव्यांनी मग एक युक्ती काढली. कोठाराच्या अलीकडे डावीकडे नुसती वाळू होती. तिथे मासा औषधालाही सापडत नसे. नाखवा तिथेच नांगर टाकत. डॉक्टर जवळ येऊन थांबत, कंटाळत आणि निघून जात. मग आम्ही हळूच कोठारावर जात असू. पहिल्यांदा आमच्या गिऱ्हाइकांनाही त्यात गंमत वाटली. पण डॉक्टर हळूहळू धीर धरायला शिकले. ते दुपार टळेपर्यंत वाळूवर बसून राहत, आणि ते बसलेत म्हणून नाखवाही बसून राहत. दोन होड्या, दोन्हींमध्ये माणसे, आणि खाली मैलोगणती ओसाड वाळू. कोण आधी उठतो, एवढीच लढाई.

"नाखवा," घड्याळजी एकदा म्हणाले, "आम्ही इथे मासे धरायला आलोय की डॉक्टरला?"

माझ्या सुकाणूवरची नाखव्यांची मूठ तेवढी आवळली.

मग तो रविवार आला. घड्याळजींची थोरली बहीण दूरच्या देशातून काही दिवसांसाठी आली होती. लहानपणी घड्याळजींना गळ बांधायला तिनेच शिकवले होते. आता तिचे हात थरथरत. "ताईला एकदा कोठारावर न्या," घड्याळजींनी आधीच सांगून ठेवले होते, आणि नाखव्यांनी शब्द दिला होता. आम्ही निघालो. मागे वळून पाहिले, तर डॉक्टरांची पांढरी होडी येतच होती.

मी मनात म्हणत होते, आज नको. आज उजवीकडे वळवा. पण होडीला मन असले तरी सुकाणू दुसऱ्याच्या हातात असते. नाखव्यांनी मला डावीकडे वळवले आणि वाळूवर नांगर टाकला. ताईंनी थरथरत्या हातांनी गळ सोडला. ऊन चढले, कलले, दोन्ही होड्या हलल्या नाहीत. संध्याकाळी धक्क्यावर ताई उतरू लागल्या, तेव्हा नाखव्यांचा हात सवयीने आपल्या टोपलीकडे गेला. टोपली रिकामी होती. तो हात तसाच परत आला.

"असू द्या," ताई हळूच म्हणाल्या. "समुद्र तर पाहिला."

घड्याळजींनी हात धरून त्यांना पायऱ्या चढवून नेले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. हळूहळू इतरांनीही पाठ फिरवली. मासे नाहीत, वर भाडे जास्त, कोण येणार? हंगाम संपता संपता नाखव्यांनी मला पाण्याबाहेर ओढले, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून लाकडी ठोकळ्यांवर ठेवले, आणि त्याच कारखान्यात यंत्रांवर नोकरी धरली. ज्या चिमणीच्या खुणेने ते आयुष्यभर समुद्रात वाट काढत आले, तिच्याच पायथ्याशी आता ते दिवसभर उभे असत.

मित्रांनो, कोरडेपणा काय असतो, हे मला तेव्हा कळले. माझ्या फळ्या आक्रसू लागल्या. जन्मल्यापासून अंगाला अंग लावून राहिलेल्या शेजारणी एकमेकींपासून दूर सरकल्या. कापसाचे पीळ सुटले. सकाळी माझ्या पोटात उन्हाच्या रेघा पडत. भिंतीपलीकडे समुद्राचा आवाज येई. भरती कधी लागली आणि ओहोटी कधी, ते मला न पाहता कळे, आणि त्याचेच सर्वांत वाईट वाटे. नाखवा जाता-येता माझ्याकडे पाहणेही टाळत.

एके दिवशी नाखवीण आली. तिने फटीतून बोट घालून पाहिले, स्वतःशीच काही पुटपुटली आणि घरी जाऊन जुनी पोती घेऊन आली. ती समुद्राच्या पाण्यात भिजवून तिने माझ्या पोटात पसरली. दुसऱ्या दिवशीही आली. मग रोजच येऊ लागली. "पी बाई," ती म्हणे. "ह्यांचा रुसवा कधी फिटेल तो फिटो, तोवर तू तरी धर."

रस्त्यापलीकडच्या खाणावळीच्या मालकांना मी पसंत पडले होते. माझ्यात माती भरायची, फुलझाडे लावायची आणि दारात मांडायचे, असा त्यांचा बेत होता. नाखवा त्यांना अजून हो म्हणाले नव्हते, पण नाहीही म्हणाले नव्हते. माती! ते ऐकूनच माझ्या उरल्यासुरल्या फटीही उघडल्या असतील.

अशातच नाखव्यांचा गाल सुजला. आज नाही, उद्या नाही, करता करता दुखणे डोक्यापर्यंत गेले. गावात दातांचा डॉक्टर एकच. त्या दिवशी संध्याकाळी नाखवीण पोती भिजवत होती, तेव्हा नाखवा गालावर हात धरून आले आणि इतक्या दिवसांनी माझ्या काठाला टेकून उभे राहिले.

"काढली का दाढ?" नाखविणीने विचारले.

"काढली. दाढेनेच दाढ काढली."

"काही बोलले का डॉक्टर?"

"मी काय बोलणार, तोंडात त्याची पकड! त्यालाच रान मोकळं. म्हणतो, नाखवा, आता तुम्हाला उत्तर देता येणार नाही, म्हणून सांगून घेतो. सहा दिवस मी या खिडकी नसलेल्या खोलीत लोकांच्या तोंडात बघत असतो. रविवारी पाण्यावर गेलो नाही, तर पुढचा आठवडा मला ढकलता येत नाही. भाडं घेतो ते होडीचा खर्च निघावा म्हणून. तुमच्या मागे मागे यायचो, कारण तुम्ही समुद्राकडे जसं बघता, तसं मला बघता यावं असं वाटायचं."

"मग?"

"मग काय, दाढ हातात ठेवली आणि पकडही पुढे केली. म्हणाला, घ्या, तुम्ही मागितली होतीत."

नाखवीण खळखळून हसली. नाखवा हसले नाहीत. त्यांनी कारखान्याच्या भिंतीवर हात ठेवला.

"अगं, त्या यंत्रघरालाही खिडकी नाही," ते म्हणाले. "भरती लागली की मला आत कळतं. हातातला पाना तसाच राहतो. आधी वाटायचं, रविवारचा नाखवा म्हणजे समुद्राशी खेळणारा. आता कळतंय, सहा दिवस त्याचं काय होत असेल."

"कळतंय ना? मग धरा ते टोक," नाखवीण म्हणाली आणि ओल्या पोत्याचे एक टोक तिने त्यांच्या हातात दिले.

खाणावळीच्या मालकांना दुसऱ्याच दिवशी नकार गेला. नाखव्यांनी माझ्या फटी पुन्हा भरल्या आणि मला पाण्यात लोटले. मी पुन्हा बुडू लागले, पुन्हा पाणी प्यायले, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारणी पुन्हा एकमेकींना बिलगल्या. नोकरी त्यांनी सोडली नाही. पायऱ्यांजवळची जागा तोवर दुसऱ्याची झाली होती. त्यांनी मला टोकाला, पांढऱ्या होडीशेजारी बांधले. पायऱ्यांवरचे जुने सोबती कशाला सोडतात!

"काय नाखवा, तुम्हीही रविवारचे झालात?"

"झालो बाबा. दाढ काढल्यापासून बरं वाटतंय."

पहिल्या रविवारी ते स्वतः घड्याळजींच्या दुकानात गेले आणि त्यांना घेऊन आले. ताई केव्हाच परत गेल्या होत्या. त्यांना आता प्रवास झेपणार नव्हता. आम्ही निघालो. मागून पांढरी होडी येत होती. वाळू आणि कोठार जिथे वेगळे होतात, तिथे नाखव्यांनी इंजिन मंद केले. मग माझे नाक उजवीकडे वळले. चिमणी सरकत सरकत दीपस्तंभावर आली, टाकी खिंडीत बसली आणि नांगर सुटला.

"डॉक्टर!" नाखव्यांनी हाक मारली. "नांगर तिथे टाकू नका, खडकात अडकेल. माझ्या मागे टाका. आणि ती चिमणी बघून ठेवा. घड्याळजी, तुम्ही काय बघत बसलात? गळ सोडा!"

त्या दिवशी घड्याळजींना भरपूर मासे लागले. तरी उतरताना नाखव्यांनी आपल्या टोपलीतला एक उचलून त्यांच्यापुढे धरला.

"अहो, आज माझ्याकडे आहेत."

"हा तुमचा नाही. ताईंचा आहे. त्या दिवशीचा."

"नाखवा, तिच्यापर्यंत आता हा कसा पोचायचा?"

"ते मलाही कळतं. तरी घ्या."

घड्याळजींनी तो मासा दोन्ही हातांनी घेतला आणि आपल्या माशांत न मिसळता वेगळा रुमालात बांधला.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. सहा दिवस मी दोराला बांधलेली असते. ओहोटीला दोर ताणला जातो, मलाही समुद्राकडे ओढ लागते आणि मी थोडी पुढे जाऊन थांबते. शेजारची पांढरी होडीही तेवढीच पुढे जाऊन थांबते. पूर्वीचे रोजचे दिवस आठवतात. ते परत येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण मी ओली आहे.

तुमच्या घरीही एखादी वस्तू झाकून, पुसून, जपून ठेवलेली असेल. कधी तिला हातात घ्या, वापरा, थोडी झिजू द्या. ठेवून दिलेले सगळेच टिकत नाही. आणि कोणी तुमच्या मागे मागे येत असेल, तर ओसाड वाळूवर नांगर टाकण्याआधी एकदा आपल्या होडीत कोण बसले आहे, ते पाहून घ्या.

आज शुक्रवार आहे. दोर ताणला आहे. कारखान्याच्या चिमणीतून धूर सरळ वर जातो आहे, म्हणजे वारा पडला आहे. परवा समुद्र शांत असेल.